‘ययाति’ पहिल्यांदा वाचताना: मराठी विषय घेतलेल्या नव्या मुलामुलींसाठी

बी.ए.ला मराठी घेतलं आणि हातात ‘ययाति’ आली की जो तो तेच सांगतो: ज्ञानपीठ मिळालेली कादंबरी आहे, खांडेकर आपल्या कोल्हापूरचे, वाचायलाच पाहिजे. खरं आहे सगळं. जन्म सांगलीचा, नंतर शिरोड्याच्या शाळेत मास्तरकी आणि १९३८ पासून कोल्हापूर. कादंबरी १९५९ची. पुढच्याच वर्षी तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि १९७४चं ज्ञानपीठ खांडेकरांना, मराठीतलं पहिलं. पण पहिलं पान उघडताना या माहितीचा काडीचा उपयोग नाही. उलट दडपण येतं. एवढं मोठं पुस्तक आणि मला कंटाळा येतोय म्हणजे माझ्यातच काहीतरी कमी आहे, असं वाटायला लागतं.

तसं काही नाही. सुरुवातीची पानं जड जातातच. भुदरगड, आजरा, चंदगडकडून शिकायला आलेल्या आपल्यापैकी कितीजणांच्या घरी कादंबऱ्यांचं कपाट असतं? खांडेकरांची भाषा अलंकारांनी लगडलेली आहे, उपमेवर उपमा येते, पात्रं बोलता बोलता चिंतनात शिरतात. सावकाश वाचा. एसटीत वाचू नका, डोळे दुखतात आणि धागाही सुटतो. करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासून आपल्या गावात आहे. त्याचे वर्गणीदार व्हा आणि एक कोपरा धरून बसा. हळूहळू ती भाषा कानात बसते आणि मग पानं आपोआप उलटायला लागतात.

आता खरा धोका सांगतो. यात मीही अडकलो होतो, म्हणून जरा लांबण लावणार आहे.

ही कादंबरी तिघं सांगतात: ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा. प्रत्येकाची प्रकरणं वेगळी आणि प्रत्येक जण ‘मी’ म्हणून बोलतो. हे गाईडमध्ये ‘निवेदनतंत्र’ या मथळ्याखाली दोन ओळींत असतं, आपण पाठ करतो आणि विसरतो. वाचताना मात्र होतं असं, की सुरुवात ययाति करतो, आपलं लहानपण सांगतो, आईच्या मायेची भूक सांगतो, नहुषाला मिळालेल्या शापाची आणि घर सोडून गेलेल्या यतीची गोष्ट सांगतो. आपल्याला त्याची कणव येते आणि आपण त्याच्या बाजूने उभे राहतो. मग देवयानीबद्दल तो जे सांगेल ते आपण लेखकाने सांगितल्यासारखं मानतो. तो तिला जशी हट्टी, तापट आणि अहंकारी रंगवतो, तशीच ती आपल्या वहीत उतरते. ‘देवयानीचे स्वभावचित्र रेखाटा’ या प्रश्नाचं उत्तर आपण तिच्या नवऱ्याच्या साक्षीवर लिहून मोकळे होतो!

अरे, तो स्वतःची बाजू मांडतोय. ज्याने आयुष्यभर सुखामागे धावून सगळ्यांना दुखावलं, तो माणूस आपली कहाणी सांगतो तेव्हा कुठल्या गोष्टीवर रेंगाळतो आणि कुठली दोन वाक्यांत उरकतो, इकडे लक्ष द्यायचं. देवयानीची प्रकरणं आली की कचाने नाकारल्याचा सल तिच्या तोंडून ऐका. ती निर्दोष ठरत नाही, पण तिचा राग कुठून येतो ते कळतं. शर्मिष्ठा तर इतकं मवाळ बोलते की तिच्याबद्दल शंका घ्यावीशीच वाटत नाही. घ्या. तिलाही काही लपवायचं असू शकतं. आणि कच बघा, ज्याला आपण सगळेच थोर म्हणतो त्याला स्वतःचं निवेदनच नाही. तो कळतो तो बाकीच्यांच्या नजरेतून. परीक्षेत कचावर लिहिताना ही एक गोष्ट ध्यानात ठेवलीत, तरी उत्तर वेगळं उठून दिसेल.

याच धोक्याचं दुसरं रूप म्हणजे सुविचार गोळा करणं. खांडेकरांच्या पानोपानी वहीत उतरवून घ्यावीत अशी वाक्यं आहेत, आणि निबंधात वापरायला आपण ती उतरवतोही. उतरवा. पण शेजारी बोलणाऱ्याचं नाव आणि प्रसंग लिहा. ययातीने स्वतःचं समर्थन करताना काढलेला उद्गार ‘खांडेकर म्हणतात’ म्हणून लिहिला, तर ते चक्क चुकीचं आहे. चांगला परीक्षक तिथेच थांबतो.

नोट्सच्या झेरॉक्सबद्दल माझं मत कडक आहे: पहिलं वाचन पूर्ण होईपर्यंत हात लावू नका. दहा मिनिटांत कादंबरी सांगणारे व्हिडिओ तर अजिबात नको. त्यात तीन आवाजांचा एकच आवाज होतो आणि राहते ती निव्वळ पुराणकथा. खांडेकरांनी ‘ययाति’मागची आपली भूमिका लिहिली आहे, तीही शेवटी वाचा. मार्गदर्शक निवडताना भरभरून डिक्टेशन देणाऱ्या सरांपेक्षा ‘कुठल्या पानावर?’ असं विचारणाऱ्या मॅडम धरा. भीती वाटते त्यांची, वाटू दे. त्यांच्याकडूनच वाचायला शिकाल.

प्रत्येक प्रकरण संपलं की तीन-चार ओळींची नोंद करा: कोण बोललं, कोणाचा राग आला, काय पटलं नाही. भाषा वेडीवाकडी असली तरी चालेल. ‘ययातीचा संताप आला’ हीदेखील नोंदच आहे. पुढे मत बदललं तर जुनी नोंद खोडू नका, खाली तारीख घालून नवी लिहा. समीक्षा वाचल्यावर आपलं पहिलं मत काय होतं हे आठवत नाही, म्हणून हा खटाटोप.

कादंबरी संपली की महाभारताच्या आदिपर्वातली मूळ कथा काढा. तिथे ययाति पुरूचं तारुण्य घेऊन हजार वर्षं भोगतो आणि शर्मिष्ठेला तीन मुलगे आहेत. खांडेकरांनी तिचा एकटा पुरू ठेवला आणि ती हजार वर्षंही काढून टाकली. का, यावर स्वतः विचार करा. विद्यापीठात खांडेकरांचं स्मृतिसंग्रहालय आहे, तेही याच टप्प्यावर बघा, आधी नको.

दुसऱ्या वाचनाला पानांचा क्रम सोडा. देवयानीची सगळी प्रकरणं सलग वाचा, मग शर्मिष्ठेची, ययातीची सगळ्यात शेवटी. एकच प्रसंग दोघांनी सांगितला असेल तिथे पेन्सिलीने खूण करा आणि दोन्ही पानांचे आकडे वहीत समोरासमोर लिहा. देवयानीवरचं उत्तर त्या आकड्यांपासून लिहायला घ्या.