इंदूरच्या सिल्व्हर मॉलला जाण्याआधी: पहिल्या गेमिंग पीसीची तयारी

पहिला कागद पार्ट्सचा नाही, गेम्सचा करा. पुढची दोन-तीन वर्षं खरोखर काय खेळणार, त्याची चार नावं लिहा आणि खाली कुठल्या स्क्रीनवर खेळणार ते लिहा. दुकानात बोलणं नेहमी प्रोसेसरपासून सुरू होतं, कारण ते नाव घरातल्या मोठ्यांनीही ऐकलेलं असतं. पैसे कुठे घालायचे हे मात्र गेम आणि मॉनिटर ठरवतात. व्हॅलोरंट, काउंटर-स्ट्राइक २ अशा ऑनलाइन नेमबाजीच्या गेम्सना प्रोसेसर चांगला लागतो, ग्राफिक्स कार्ड मध्यम चालतं, आणि १४४ हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलणाऱ्या मॉनिटरचा फरक लगेच कळतो. सायबरपंक २०७७ सारखे जड गेम एकट्यानं निवांत खेळणार असाल, तर ७५ किंवा १०० हर्ट्झचा साधा २४ इंची मॉनिटर घ्या आणि उरलेले पैसे कार्डात घाला. दोन्हीकडे रिझोल्यूशन, म्हणजे पडद्यावरच्या ठिपक्यांची (पिक्सेलची) संख्या, १०८०पीच ठेवा. १४४०पीवर गेलात की पिक्सेल पावणेदोन पटींहून जास्त होतात आणि तेवढं काम कार्डाच्या गळ्यात पडतं. बजेटमध्ये तो नाद नको. हॉलमधल्या टीव्हीवर सध्या भागवणार असाल तर त्यात गेम मोड (चित्र उशिरा उमटू नये म्हणूनची सेटिंग) आहे का पाहून घ्या. बहुतेक घरगुती टीव्ही ६० हर्ट्झचे असतात.

मग पैशांचा हिशोब. समजा सगळे मिळून ६० हजार आहेत. त्यातून मॉनिटर, कीबोर्ड, माउस, हेडफोन आणि यूपीएस यांचे १५ हजार आधीच बाजूला काढा. पहिल्यांदा पीसी घेणारे डब्याच्या आतल्या पार्ट्सवर सगळी रक्कम उडवतात आणि मग यूपीएस ‘पुढच्या महिन्यात’ जातो. उरलेल्या ४५ हजारांतले १८ ते २० हजार ग्राफिक्स कार्डाला. प्रोसेसर आणि मदरबोर्ड मिळून साधारण तिसरा हिस्सा. राहिलेल्यात रॅम, एसएसडी (गेम साठवायची डिस्क), एसएमपीएस (सगळ्या पार्ट्सना वीज देणारा डबा) आणि कॅबिनेट बसवायचं. रॅमचं गणित सध्या अवघड झालंय. २०२५ च्या अखेरीपासून मेमरीचे भाव चढले, कारण कारखान्यांचा माल एआयच्या डेटा सेंटरकडे वळला. त्यामुळे दोन महिन्यांपूर्वीच्या व्हिडिओत पाहिलेला भाव दुकानात मागू नका, आणि घरी किंवा मित्राकडे चालू स्थितीतल्या डीडीआर४ प्रकारच्या रॅमच्या काड्या पडून असतील तर आधी त्या शोधा.

ग्राफिक्स कार्डाला सगळ्यात जास्त वेळ द्या. १०८०पीसाठी आरएक्स ६६०० हे २०२१ चं कार्ड अजूनही बजेटचं माप म्हणून धरता येतं: ८ जीबी मेमरी, १३२ वॉट वीज, एसएमपीएसकडून एकच आठ पिनची वायर. दुकानदार दुसरं काही सुचवत असेल तर या कार्डाशी तुलना करून पाहा. नव्या जड गेम्ससाठी ४ जीबीचं कार्ड आता घेऊ नका. टेक्श्चर (गेममधल्या वस्तूंवरची बारीक चित्रं) थोडे वर नेले की मेमरी भरते आणि गेम अडखळतो. आरटीएक्स ३०५० या एकाच नावाची दोन वेगळी कार्डं विकली जातात. २०२२ चं ८ जीबीचं वेगळं, २०२४ चं ६ जीबीचं वेगळं, आणि दुसऱ्यात नुसती मेमरी कमी नाही, आतले कोअरही (हिशोब करणारे भाग) कमी आहेत. ६ जीबीवालं फक्त ७० वॉट खातं आणि त्याला वेगळी वायर लागत नाही, म्हणून घरातल्या जुन्या पीसीत लावायला ते छान. नवा पीसी बांधताना मात्र भाव जवळ-जवळ असतील तर मी आरएक्स ६६०० च्या बाजूचा. आरएक्स ६५०० एक्सटी स्वस्त दिसलं तर थांबा: त्याला पीसीआय एक्सप्रेसच्या, म्हणजे कार्ड आणि बोर्ड यांना जोडणाऱ्या रस्त्याच्या, चारच लेन मिळतात, आणि तिसऱ्या जनरेशनच्या बोर्डवर ते आणखी मार खातं.

सेकंडहँड कार्ड घेऊ नये असं मी म्हणत नाही, पण डोळे उघडे ठेवून घ्या. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या डिजिटल चलनाचं ग्राफिक्स कार्डांवर चालणारं मायनिंग बंद झालं आणि महिनोन्‌महिने रात्रंदिवस चाललेली कार्डं बाजारात आली. त्यांतली काही अजून हात बदलतायत. पंखा हातानं फिरवून बघा, स्क्रू उघडल्याच्या खुणा बघा, आणि अर्धा तास गेम चालवल्याशिवाय पैसे देऊ नका. खोटी कार्डं हा वेगळाच प्रकार आहे. जीटीएस ४५० सारख्या जुन्या चिपचा बायोस (आतलं मूळ सॉफ्टवेअर) बदलून ती जीटीएक्स १०५० टीआय म्हणून विकली जातात. जीपीयू-झेड नावाचं छोटं फुकट सॉफ्टवेअर अशा कार्डाच्या नावापुढे थेट ‘फेक’ लिहून दाखवतं. ते पेनड्राइव्हवर टाकून सोबत न्या.

प्रोसेसरच्या बाबतीत आपल्याकडे सगळ्यात जास्त फसवणूक ‘आय सेव्हन’ या दोन शब्दांवर होते. ‘भिया, आय सेव्हन है, सोला जीबी रॅम, ग्राफिक कार्ड लगा हुआ, सब गेम चलेगा’ असं कोणी म्हणालं की एकच प्रश्न विचारा: कितवी जनरेशन? तिसऱ्या जनरेशनचा आय७-३७७० हा २०१२ चा प्रोसेसर. चार कोअर, आठ थ्रेड (एका वेळी हाताळता येणारी कामं). २०२२ च्या आय३-१२१००एफमध्येही चार कोअर, आठ थ्रेडच आहेत, पण एकेक कोअर कितीतरी वेगवान. शिवाय विंडोज ११ इंटेलच्या आठव्या किंवा त्यापुढच्या जनरेशनवरच अधिकृतपणे चालतं, आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. व्हॅलोरंट तर विंडोज ११ वर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या सुरक्षेच्या दोन्ही सोयी चालू असल्याशिवाय उघडतच नाही. त्या जुन्या आय सेव्हनच्या पीसीवर पोरगं दुसऱ्याच दिवशी रडकुंडीला येतं.

आजच्या बजेटमध्ये माझी पसंती रायझन ५ ५६०० ला. सहा कोअर, बारा थ्रेड, ६५ वॉट, सोबत पंखा मिळतो, आणि तो एएम४ सॉकेटचा (बोर्डवरची प्रोसेसर बसवायची जागा) असल्यानं डीडीआर४ रॅमवर चालतो. नवं सॉकेट एएम५ पुढच्या अपग्रेडसाठी चांगलं खरं, पण त्यावर फक्त डीडीआर५ चालते आणि सध्याच्या भावात ती चैन आहे. नावाच्या शेवटची अक्षरं नीट वाचा. इंटेलच्या नावात ‘एफ’ असेल तर आत ग्राफिक्स नाही, कार्डाशिवाय पडद्यावर काहीच येणार नाही. साध्या ५६०० चंही तेच. एएमडीच्या ५६००जीमध्ये मात्र आतलं ग्राफिक्स बऱ्यापैकी आहे. व्हॅलोरंटसारखे गेम कमी सेटिंगवर चालून जातात. पैसे दोन टप्प्यांत येणार असतील तर आधी ५६००जी घेऊन कार्ड दिवाळीवर ढकलता येतं. त्याची किंमतही मोजावी लागते: कॅशे (प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी) ५६०० च्या निम्मी, म्हणजे ३२ ऐवजी १६ एमबी, आणि पीसीआय एक्सप्रेस तिसऱ्याच जनरेशनचं. मदरबोर्ड बी५५० मिळाला तर उत्तम. जुना बी४५० स्वस्तात देत असतील तर बायोस अपडेट करून द्यायचं आधीच कबूल करून घ्या, नाहीतर तो हा प्रोसेसर ओळखणार नाही.

रॅम ८ जीबीच्या दोन काड्या, एकच १६ जीबीची नको. दोन काड्यांनी मेमरीचे दोन्ही चॅनल, म्हणजे ये-जा करायच्या वाटा, चालतात. ५६००जीवर तर फरक उघड दिसतो. एसएसडी ५०० जीबीपेक्षा लहान घेऊ नका, एकेक मोठा गेम १०० जीबीच्या वर जातो. एम.२ च्या पट्ट्या दिसायला सारख्याच, पण काही हळू साटा असतात आणि काही वेगवान एनव्हीएमई. डब्यावर एनव्हीएमई लिहिलेलं पाहून घ्या.

आता एसएमपीएस. कॅबिनेटबरोबर ‘फ्री’ मिळणारा एसएमपीएस कागदावर लिहूच नका. नावाजलेल्या कंपनीचा ५५० वॉटचा, ८० प्लस ब्रॉन्झचा (कमी वीज वाया घालवण्याचा शिक्का) वेगळा घ्या; हा पीसी ३०० वॉटच्या आसपासच खाईल, पण कार्ड क्षणभर उसळी मारतं तेव्हा हाताशी जागा लागते. इंदूरला जूनमधल्या पहिल्या वादळात लाइट कशी येते-जाते हे सांगायला नको. यूपीएसच्या डब्यावर व्हीए मोठ्या अक्षरांत आणि वॉट बारीक अक्षरांत असतात. ६०० व्हीएचा साधा यूपीएस म्हणजे जेमतेम ३६० वॉट. मॉनिटर धरून तो काठावर येतो. १००० व्हीएचा घेतलात तर गेम सेव्ह करून नीट बंद करण्याइतकी मिनिटं मिळतात, तासभर खेळायला तो नाहीच. घरच्या इन्व्हर्टरवर चालवणार असाल तर इन्व्हर्टर साइन वेव्ह (घरच्या लाइनसारखीच वीज देणारा) आहे का आणि मागचा स्विच यूपीएस मोडवर आहे का ते बघा, कारण साध्या मोडमध्ये लाइट जाताच पीसी रीस्टार्ट होऊ शकतो. राजवाड्याकडच्या जुन्या घरांत राहत असाल तर इलेक्ट्रिशियनला बोलावून अर्थिंगही तपासून घ्या. कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या आल्या तर दोष बहुतेक वेळा पीसीचा नसतो.

कॅबिनेट निवडताना पुढची बाजू जाळीची हवी. समोर काच आणि आत सात रंगांचे दिवे असलेली कॅबिनेट काउंटरवर झकास दिसते, पण मे महिन्यात पारा चाळिशीपार असताना गच्चीखालच्या खोलीत तिच्यात हवा जायला वाटच नसते. खोली जितकी तापते तितकीच चिपही जवळपास वर सरकते. पुढून हवा ओढणारे दोन पंखे आणि मागून बाहेर टाकणारा एक, इतकं पुरे. आणि हो, आपल्याकडच्या डेझर्ट कूलरच्या थेट झोतात पीसी ठेवू नका; ती ओली हवा धुळीला आत चिकटवते.

बाजारात जायचं तर आरएनटी मार्गावरच्या सिल्व्हर मॉलमध्ये एका फेरीत बरीच दुकानं होतात. पूर्ण यादी एकाच कागदावर नेऊन दोन-तीन ठिकाणी लेखी कोटेशन मागा, आणि प्रत्येक पार्टचं पूर्ण मॉडेल लिहून घ्या. ‘१६ जीबी रॅम, ५०० एसएसडी’ एवढ्यावर कोणी काहीही बसवू शकतं. भाव १८ टक्के जीएसटीसह की शिवाय, ते पहिल्याच वाक्यात विचारा. बिलाशिवाय स्वस्त देतो म्हणाले तर नको म्हणा. कार्ड, बोर्ड, प्रोसेसर यांना साधारण तीन वर्षांची वॉरंटी असते आणि तेव्हा पक्क्या बिलावर लिहिलेला सीरियल नंबरच दाखवावा लागतो. प्रोसेसर डब्यातला घ्या. सुटा ‘ट्रे’वाला देत असतील तर वॉरंटी कोण देणार हे बिलावर लिहून घ्या. बोर्डला वायफाय नसेल तर यूएसबीचा छोटा डोंगल त्याच फेरीत उचला.

जोडणी दुकानातच करून घेणार असाल तर समोर बसा. रॅम चार खणांच्या बोर्डवर प्रोसेसरकडून दुसऱ्या आणि चौथ्या खणात, मॉनिटरची वायर बोर्डला नाही तर ग्राफिक्स कार्डाला, बायोसमध्ये एक्सएमपी (रॅम पूर्ण वेगानं चालवणारी सेटिंग) चालू, आणि विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये १४४ हर्ट्झ निवडलेलं. यांतलं शेवटचं बहुतेक जण विसरतात आणि महिनोन्‌महिने ६० वर खेळत राहतात. मग अर्धा तास जड गेम लावून कार्डाचं तापमान बघा. दुकानदार कुरकुर करेल, करू द्या. सगळे डबे गाडीत टाकून घरी आणा आणि माळ्यावर ठेवा. वॉरंटीत पार्ट पाठवायची वेळ आली की डब्यासकट मागू शकतात.