लेकीचे ड्रायव्हिंगचे तास कॅलिफोर्नियाहून टेक्सासला आणताना

लेक सोळाची. फ्रीमाँटमध्ये तिचं ड्रायव्हर एज्युकेशन पूर्ण झालं आणि महिन्याभरात यांच्या नोकरीपायी आम्ही ऑस्टिनला आलो. सर्टिफिकेट आहे म्हणून मी निर्धास्त होते. इथल्या ड्रायव्हिंग स्कूलच्या बाईंनी ते उलटसुलट करून पाहिलं नि म्हणाल्या, "तास कुठे आहेत?" त्यावर नुसतं 'पूर्ण' एवढंच लिहिलेलं!

झालं काय, की कॅलिफोर्नियात प्रशिक्षकाबरोबर गाडी चालवायचे तास ६. टेक्सासला ३२ तासांचा वर्ग, प्रत्यक्ष चालवायचे ७ आणि दुसरा शिकत असताना मागे बसून नुसतं बघायचे आणखी ७. हे बघणं आमच्या कागदांत नव्हतंच.

मी जुन्या शाळेला फोन केला. दोनदा "पाठवतो, पाठवतो" झालं. तिसऱ्यांदा मीच पत्राचा मसुदा करून पाठवला: तारीख, विषय, तास वेगवेगळे, खाली सही-शिक्का. चार दिवसांत शाळेच्या लेटरहेडवर आलं. त्यावरून इथल्या शाळेने ६ तास धरले. उरला चालवायचा एक तास आणि ते सात. सात तास मागच्या सीटवर बसून लेक अशी वैतागली, की विचारू नका.

शेवटी डीई-९६४, म्हणजे ड्रायव्हर एज्युकेशन पूर्ण झाल्याचं टेक्सासचं सर्टिफिकेट, हातात पडलं. फक्त एक सांगते: ड्रायव्हिंगच्या परीक्षेसाठी लागणारा, टीनएजर्ससाठीचा दोन तासांचा 'इम्पॅक्ट टेक्सास' व्हिडिओ कोर्स फार आधीच उरकू नका. त्याचं सर्टिफिकेट ९० दिवसच चालतं. आम्ही परीक्षेच्या आठवड्यात केला.