पीईचा जुना चार्ट उघडण्याआधी ईपीएस बघा (एस्टी लॉडरचं उदाहरण)

पीई म्हणजे शेअरचा भाव भागिले ईपीएस (एका शेअरमागचा वर्षाचा नफा), हे सगळ्यांना माहितीय, त्यावर वेळ घालवत नाही. पण नवीन मंडळी दहा वर्षांचा पीई चार्ट उघडतात, रेष वर दिसली की महाग, खाली दिसली की स्वस्त म्हणून मोकळी होतात. कॉस्मेटिक्समध्ये तर यात हमखास वाट लागते. मीही यातूनच गेलोय, अजूनही असा चार्ट समोर आला की जरा धाकधूकच होते.

एस्टी लॉडर घ्या, क्लिनिक, मॅक, ला मेर या ब्रँडवाली. जून 2021 अखेर भाव साधारण 318 डॉलर, वर्षाचा ईपीएस 7.79, म्हणजे पीई 41 च्या आसपास. जून 2024 ला भाव आला 106 वर, म्हणजे जेमतेम एक तृतीयांश उरला, मग पीई पण उतरला असेल ना? नाही! ईपीएस 1.08 झाला होता, पीई 98. शेअर आपटला आणि पीई दुपटीच्या वर गेला, कारण चीनमधली मागणी थंडावली, आशियातल्या ड्युटी फ्री दुकानांत माल तुंबला आणि नफा भावापेक्षा जोरात पडला. चार्टवर हे 'शेअर महागला' असं दिसतं, आणि स्वतः भागाकार करून बघेपर्यंत डोक्यात शिरत नाही.

आता जून 2020 बघा. तेव्हाही पीई 101! पण ते कोविडचं वर्ष, दुकानं बंद, वर गुडविल (दुसऱ्या कंपन्या घेताना मोजलेली जादा किंमत) वगैरेचं मोठं राइट-ऑफ, म्हणजे ती रक्कम नफ्यातून वजा, त्यामुळे ईपीएस 1.86. कंपनीचा अ‍ॅडजस्टेड ईपीएस (असे एकदाचे खर्च वगळून काढलेला) 4.12 धरला तर पीई 46 च्या आसपास येतो. पुढच्याच वर्षी नफा उसळला. 2024 नंतर मात्र 2025 चं आर्थिक वर्ष सरळ तोट्यात गेलं. शिखरं दोन्ही सारखीच दिसतात, पुढची गोष्ट एकदम उलट.

अ‍ॅडजस्टेड आकड्यावर पण डोळे झाकून विसंबू नका हं, रिस्ट्रक्चरिंगचा (कंपनीच्या फेररचनेचा) खर्च वर्षानुवर्षं 'एकदाचाच' म्हणून बाजूला काढणाऱ्या कंपन्यांचा मला वैताग आहे. आणि 'पीई वीसच्या खाली दिसला की उचला' शिकवणाऱ्या सरांना फी देऊ नका, अ‍ॅन्युअल रिपोर्ट फुकट मिळतो.

घाबरू मात्र नका, गणित शाळेतल्या भागाकाराचंच आहे. एक्सेलमध्ये वर्ष, भाव, ईपीएस, अ‍ॅडजस्टेड ईपीएस एवढे रकाने करा, पीई शेवटी काढा. एस्टी लॉडरचं वर्ष जूनला संपतं, लोरिआलचं डिसेंबरला, तुलना करताना तारखा जुळवून घ्या. सरासरीऐवजी मीडियन (आकडे क्रमाने लावल्यावर मधला येतो तो) काढा, नाहीतर ते 98 आणि 101 सगळं वर ओढतात. आणि तोट्याच्या वर्षी पीईच्या जागी शून्य टाकू नका, रकाना रिकामा ठेवा, त्या वर्षापुरतं विक्रीच्या तुलनेत भाव किती ते बघा.