बीफ एन्चिलाडा घरी करताना या चुका टाळा

एन्चिलाडा म्हणजे टॉर्टिया या पातळ पोळीत सारण गुंडाळून, वर सॉस आणि चीज घालून ओव्हनमध्ये भाजलेला मेक्सिकन पदार्थ. घरचा एन्चिलाडा बिघडतो तो बहुतेक वेळा पाण्यामुळे. खिम्याला सुटलेलं पाणी, पातळ राहिलेला सॉस, फॉइलखाली कोंडलेली वाफ, हे सगळं शेवटी टॉर्टियात मुरतं आणि ताटात लगदा येतो. मसाल्याच्या चुका त्यानंतरच्या.

इथे बोलतोय ते टेक्स-मेक्स, म्हणजे टेक्सासातल्या मेक्सिकन धाटणीच्या, बीफ एन्चिलाडाबद्दल. ह्यूस्टन, सॅन अँटोनियोकडे करतात तो, चिली ग्रेव्ही (मैदा आणि मिरचीच्या मसाल्याचा दाट सॉस) आणि पिवळ्या चीजवाला. 9 × 13 इंची ट्रे, मक्याचे 12 टॉर्टिया, एक पाउंड (साधारण 450 ग्रॅम) खिमा, पाऊण पाउंड चीज आणि तीनेक कप सॉस एवढ्यात चार-पाच माणसं पोटभर जेवतात. महाराष्ट्रात बसून करणार असाल तर 2015 च्या कायद्याने गोवंशाचं मांस बाद आहे. मटणाचा खिमा घ्या, बाकी कृती तीच.

टॉर्टिया गुंडाळताना तुटतो

फ्रिजमधून काढलेला मक्याचा टॉर्टिया सरळ गुंडाळायला घेतला की मधोमध चिरतो. मग लोक वैतागून मैद्याचे टॉर्टिया आणतात. ते गुंडाळायला सोपे, पण सॉसमध्ये फुगतात आणि लिबलिबीत होतात. मक्याचेच घ्या आणि तेलातून काढा.

लहान पॅनमध्ये बोटाच्या अर्ध्या पेराएवढं तेल तापवा. टॉर्टियाची कड बुडवल्यावर हलके बुडबुडे आले पाहिजेत. एका बाजूला सात-आठ सेकंद, उलटून तेवढेच, की चिमट्यात धरल्यावर तो लुळा पडतो. लगेच कागदावर काढा. कडक झाला तर जास्त वेळ राहिला. त्याचे तुकडे करून पोरांना चिप्स म्हणून द्या. तेल वाचवायचं म्हणून ओल्या कापडात गुंडाळून मायक्रोवेव्ह करणारे पुष्कळ आहेत. त्याने टॉर्टिया मऊ होतो हे खरं, पण तेलाचा पातळ थर सॉसला लगेच आत शिरू देत नाही, तो फायदा जातो. वर कापडाचं पाणी मिळतं ते वेगळंच.

टॉर्टिया घरी थापायचे असतील तर पाकिटावर ‘मासा हरिना’ लिहिलेलं बघूनच पीठ आणा. ते चुन्याच्या पाण्यात शिजवलेल्या मक्याचं असतं, म्हणून मळल्यावर एकमेकांना धरतं. आपलं मक्याचं पीठ तसं धरत नाही, कडा फुटतात. आणि भारतात कॉर्नफ्लोअर म्हणून मिळतं ते नुसतं स्टार्च. त्याचा इथे काही उपयोग नाही.

खिमा भाजायच्या ऐवजी उकडतो

छोट्या पातेल्यात, मंद आचेवर, कांद्यासकट सगळा खिमा एकदम टाकला की पाच मिनिटांत तो स्वतःच्याच पाण्यात पोहायला लागतो. रंग राखाडी, चव उकडल्याची. पसरट, जड पॅन चांगला तापू द्या, खिमा पसरा आणि तीन-चार मिनिटं हात लावू नका. सतत ढवळायची आपल्याला सवय असते, ती इथे नडते. खालून तपकिरी झाला की मग फोडा, मग कांदा, शेवटी लसूण. आत कुठे गुलाबी राहता कामा नये; थर्मामीटर असेल तर 160 अंश फॅरनहाइट (71 सेल्सिअस). 80-20 चा (80 टक्के मांस, 20 टक्के चरबी) खिमा असेल तर चरबी भरपूर सुटते. चमचाभर ठेवून बाकीची काढा. सिंकमध्ये मात्र ओतू नका, थिजून पाइप तुंबतो.

ओलावा म्हणून तीन-चार डाव सॉस पुरे. टोमॅटो चिरून घालू नका, पाणी सुटतं. आलं, हळद, गरम मसालाही नको. चवीला वाईट लागत नाही, पण मग ते खिमा-पावाचं सारण होतं आणि वरच्या ग्रेव्हीशी त्याचं अजिबात जमत नाही.

सॉस जहाल, कडू किंवा पाणचट

सगळ्यात महागात पडणारी चूक ही. अमेरिकन पाककृतीतली ‘चिली पावडर’ म्हणजे नुसती मिरची नव्हे. सौम्य मिरची, जिरं, ओरेगानो, लसूण यांचं ते मिश्रण असतं. विल्यम गेबहार्ट या जर्मन वंशाच्या माणसाने 1890 च्या दशकात टेक्सासातल्या न्यू ब्राउनफेल्सला ते तयार करून विकायला सुरुवात केली. कृतीत तीन टेबलस्पून लिहिलंय म्हणून आपलं लाल तिखट तेवढं घातलं तर जेवण तिथेच संपलं. चिली पावडर घरात नसेल तर ब्याडगीची पूड घ्या, वर जिरेपूड, लसूण आणि थोडा ओरेगानो. रंगही छान येतो.

पाव कप तेलात पाव कप मैदा मध्यम आचेवर बदामी होईपर्यंत परता. मसाला घालून अर्धा मिनिट हलवा, की लगेच अडीच-तीन कप स्टॉक (मांस किंवा भाज्या उकळून गाळलेलं पाणी) थोडा थोडा ओतत घोटा. आधी रेंगाळलात तरी चालेल, मसाला पडल्यावर नाही; तो करपला की कडवटपणा जात नाही. साखर घालून लोक तो झाकू बघतात, मग सॉस कडू आणि गोड दोन्ही लागतो. टाकून द्या, नवा करायला पंधरा मिनिटं लागतात. आंचो किंवा ग्वाहियो या अख्ख्या सुक्या मेक्सिकन मिरच्या भाजून सॉस करणाऱ्यांनाही हेच लागू. वास सुटला की उतरवा, काळा डाग पडेपर्यंत थांबू नका.

दाटपणा पिठल्यापेक्षा सैल आणि कढीपेक्षा घट्ट हवा. फार तिखट झालाच तर तिखट न घालता तेल, मैदा आणि स्टॉकचा आणखी एक घाणा करून त्यात मिसळा. मीठ अगदी शेवटी. विकतचा स्टॉक खारट, चीजही खारट.

ओव्हन आणि चीज

ओव्हनमध्ये सगळं आधीच शिजलेलं जातं, तिथे फक्त गरम व्हायचं असतं आणि चीज वितळायचं असतं. 375 अंश फॅरनहाइटला (190 सेल्सिअस) पंधरा ते वीस मिनिटं, उघडंच. चाळीस मिनिटं झाकून ठेवलेला एन्चिलाडा उलथन्यावर टिकत नाही. सॉस ट्रेच्या तळाशी पातळसा पसरायचा आणि उरलेला वरून. ट्रे बुडवायचा नाही. चीजचा ठोकळा आणून घरी किसा. पाकिटातल्या किसाला चिकटू नये म्हणून स्टार्च किंवा सेल्युलोज लावलेलं असतं, त्यामुळे तो नीट वितळत नाही. बाहेर काढल्यावर पाच मिनिटं थांबून मगच वाढा.

पाहुणे सातला बोलावलेत, म्हणजे साडेआठला येणार. खिमा आणि सॉस सकाळी करून फ्रिजमध्ये वेगवेगळे ठेवा, गुंडाळणं आणि सॉस ओतणं ते दारात आल्यावर.

घरात बीफ न खाणारं कोणी असेल तर दुसरा ट्रे राजम्याचा किंवा नुसत्या चीज-कांद्याचा करा, पण त्यावरचा सॉस बीफ स्टॉकचा नको, आणि वाढायचा डाव वेगळा. डब्यातल्या रिफ्राइड बीन्समध्ये (शिजवून कुस्करलेल्या बीन्समध्ये) कधीकधी डुकराची चरबी असते, डब्यामागचं बारीक अक्षर वाचा.

आणि इतकं करूनही निम्मे टॉर्टिया फाटलेच, तर गुंडाळायचा हट्ट सोडा. टॉर्टिया, सॉस, खिमा, चीज असे थर ताटलीत एकावर एक रचा आणि वर अर्धकच्चं तळलेलं अंडं ठेवा. न्यू मेक्सिकोत एन्चिलाडा असाही रचूनच करतात, त्यामुळे चुकलंय हे तुम्ही सांगितल्याशिवाय कोणाला कळणार नाही.