‘रशियन का?’ असं विचारू नका: वेरूळच्या नव्या गाईडपोरांसाठी

वेरूळला गाईडगिरी करून मला बावीस वर्षं झाली. सुरुवातीला बसमधून गोरी मंडळी उतरली अन् बोलणं रशियनसारखं वाटलं, की मी सरळ ‘ज्द्रास्त्वुइत्ये’, म्हणजे रशियन नमस्कार, ठोकून द्यायचो. एकदा तो गट पोलंडचा निघाला. सोळा नंबरच्या लेणीपर्यंत एकही जण बोलला नाही. युक्रेनच्या माणसाला तर असं चुकूनही म्हणू नका, जखम ताजी आहे.

हे सगळे स्लाव्ह, भाषा एकमेकींच्या जवळच्या, पण देश वेगळे. म्हणून आधी कान द्या. आपसात पाण्याची बाटली दिली-घेतली की ‘आभार’ काय म्हणतात ते ऐका. ‘स्पासीबा’ म्हणजे रशियन. ‘द्याकुयु’ युक्रेनी, ‘जेंकुये’ पोलिश, ‘द्येकुयी’ चेक, ‘द्याकुयेम’ स्लोवाक. ‘ह्वाला’ ऐकलं तर दक्षिणेकडचे समजा: सर्ब, क्रोएट, बोस्नियन, स्लोव्हेन. त्यापुढं त्यांचं त्यांनाच विचारा, आपण भांडण लावू नये. बल्गेरियन ‘ब्लागोदार्या’ म्हणतात, पण पुष्कळदा फ्रेंच ‘मेर्सी’वरच भागवतात, तिथं फसायला होतं.

आभार निसटलं तर ‘ग’ अन् ‘ह’ धरा. डोंगराला रशियन, पोलिश, सर्ब यांच्यात ‘ग’ लागतो, ‘गोरा’च्या जवळचं काहीतरी. चेक, स्लोवाक, युक्रेनी मात्र ‘होरा’ म्हणतात. डोंगर तर समोरच आहे, बोट दाखवा अन् विचारा.

आता खरी गंमत. कैलासाच्या रामायणपटापाशी गट थांबवा, लक्ष्मण दाखवा अन् सांगा, हा सीतेचा दीर, संस्कृतात ‘देवर’. रशियन आजी असेल तर ती लगेच म्हणते, ‘द्येविर!’ सर्बांचा ‘देवेर’ही तोच, नवऱ्याचा भाऊ. मग सून काढा: संस्कृत ‘स्नुषा’, रशियन ‘स्नोखा’, सर्बियन ‘स्नाहा’. सासूला रशियनमध्ये ‘स्विक्रोव’, आपली ‘श्वश्रू’. सासू-सुनेवर सगळा गट हसतो, देश कुठलाही असो. पोलिश अन् चेक लोकांत दिराचा शब्द मागं पडलाय, त्यांना अग्नी सांगा: पोलिश ‘ओग्येन’, चेक ‘ओहेन’. बघा, इथंही तोच ग अन् ह.

पण ‘तुमची भाषा संस्कृतातून निघाली’ हे व्हॉट्सअ‍ॅपचं ज्ञान वाटू नका. त्यांची भाषा आपल्या पोटची नाही, भावकीतली आहे. मूळ घर एक, वाटण्या फार जुन्या.

इतिहास कुणी विचारलाच तर थोडक्यात. स्लाव्ह लोकांचं नाव ठळकपणे सहाव्या शतकातल्या बायझंटाईन, म्हणजे पूर्व रोमन साम्राज्याच्या, लिखाणात येतं, म्हणजे आपली एकवीस नंबरची लेणी कोरली जात होती त्या सुमाराला. मूळ ठिकाण बहुतेक अभ्यासक आजच्या युक्रेन, बेलारूस, पोलंडच्या पट्ट्यात धरतात. वाद अजून मिटलेला नाही. ८६३ साली सिरिल अन् मेथोडियस हे धर्मप्रचारक भाऊ मोराव्हियात, म्हणजे आजच्या चेक-स्लोवाक भागात, गेले. कैलास कोरायला लागून तेव्हा शंभरेक वर्षं झाली होती. सिरिलनं केलेली लिपी ग्लागोलिती. ‘सिरिलिक’, म्हणजे आज रशियन अन् बल्गेरियन लिहितात ती लिपी, मागून बल्गेरियात घडली, नाव मात्र त्याचं लागलं. म्हणून बल्गेरियनसमोर तिला ‘रशियन लिपी’ म्हणाल तर बक्षिसी गेली समजा.

अन् बल्गेरियन गटाला ‘दमलात का?’ विचारल्यावर त्यांनी मान आडवी हलवली, तर जैन लेण्यांकडं ओढत नेऊ नका. ते ‘हो’ म्हणतायत.