गाईड निवडताना पेपरची यादी कशी वाचावी

मे महिन्यात वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या घरी कुणी ना कुणी आपल्या मुलीला घेऊन येतंच. "ताई, हिला नॅनोपार्टिकलवर पीएच.डी. करायची आहे, कुठल्या सरांकडे पाठवू?" बरोबर दोन-तीन प्राध्यापकांच्या पेपरच्या, म्हणजे शोधनिबंधांच्या याद्या छापून आणलेल्या असतात, आणि ज्याची यादी लांब त्याच्याकडे घरच्यांचा कल असतो. सयाजीराव विद्यापीठातून एम.एस्सी. झाल्यावर मीही याद्या अशाच मोजल्या होत्या.

आता मी त्या मुलींना सांगते, अलीकडचे तीन पेपर घे आणि सारांश बाजूला ठेवून थेट प्रयोगपद्धतीचा भाग उघड. नॅनोपार्टिकल म्हणजे नॅनोमीटरमध्ये मोजायचे अतिसूक्ष्म कण. त्यांचा आकार फक्त पाण्यात मोजलाय की पेशी वाढतात त्या मिडियातही, म्हणजे पोषक द्रवातही? पाण्यात २० नॅनोमीटर दिसणारा कण सीरम (रक्तातला प्रथिनयुक्त द्रव) घातलेल्या मिडियात गेला की त्याच्यावर प्रथिनांचा थर चढतो, कधी कण एकमेकांना चिकटून गुठळ्याच होतात. पेशीला भेटतो तो हा बदललेला कण. पेशी कुठून आणल्या, त्यांची ओळख तपासली का, मायकोप्लाझ्मा या पेशींमध्ये नकळत वाढणाऱ्या जिवाणूची चाचणी झाली का, हेही तिथेच कळतं. १९५१ मध्ये एका बाईच्या कर्करोगाच्या गाठीपासून लॅबमध्ये वाढवायला सुरू झालेल्या हेला पेशी इतक्या चिवट, की जगभर कित्येक लॅबमध्ये त्या दुसऱ्याच नावाने वाढत राहिल्या. पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रातून रीतसर पेशी मागवणाऱ्या लॅबबद्दल माझं मत आपोआप चांगलं होतं.

कंट्रोल म्हणजे तुलनेसाठी ठेवलेला नमुना. त्याचं महत्त्व मला माझ्याच प्लेटने, म्हणजे पेशी वाढवायचे छोटे खळगे (वेल) असलेल्या ताटलीने शिकवलं. पहिल्या वर्षी मी सोन्याचे कण बनवले, छान लाल रंगाचे, आणि पेशींना त्यांचा त्रास होतो का ते एमटीटी नावाच्या रंगाच्या चाचणीने पाहिलं. यात जिवंत पेशी पिवळ्या एमटीटीपासून जांभळा फॉर्मॅझान बनवतात आणि ५७० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश किती शोषला जातो याचं रीडिंग घेतात. रंग जितका गडद, तितक्या पेशी जिवंत, असा हिशेब. माझ्या प्लेटवर डोस वाढवला तशा पेशी जास्तच जिवंत दिसायला लागल्या, १०० टक्क्यांच्याही वर. मी आनंदाने आलेख काढून पेपर लिहायला बसले. शेजारच्या बेंचवरची सिनिअर आलेख पाहून एवढंच म्हणाली, "पेशी न घालता नुसते कण घातलेले वेल कुठे आहेत?"

ते नव्हतेच. दुसऱ्या दिवशी घातले, तर त्या रिकाम्या वेलमध्येही रीडिंग येत होतं. सोन्याचे असे कण ५२० नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश शोषतात आणि एकत्र चिकटले की ते शोषण वरच्या तरंगलांबीकडे सरकतं, म्हणजे नेमकं फॉर्मॅझानच्या अंगावर. मी कणांचाच रंग पेशींच्या नावावर मोजत होते. कणांचं रीडिंग वजा केलं, शिवाय रंगावर अवलंबून नसलेल्या पद्धतीने मेलेल्या पेशी मोजल्या, तेव्हा सर्वांत वरच्या डोसला पेशी मरत असल्याचं स्पष्ट दिसलं. पेपर वर्षभर लांबला. पावसाळ्यात कल्चरला, म्हणजे वाढवत असलेल्या पेशींना दोनदा बुरशी लागली त्यात आणखी तीन महिने गेले. पण त्या पेपरमधल्या कुठल्याही आकड्याबद्दल मला आजही विचारा, वही काढून दाखवीन.

म्हणून यादीतल्या पेपरमध्ये अशा रिकाम्या वेलचा उल्लेख सापडला की ती लॅब मला आवडते. उलट प्रत्येक पेपरच्या शीर्षकात 'कर्करोगावर अचूक मारा' असेल तर मी जरा थांबते. २०१६ साली दहा वर्षांतल्या प्राण्यांवरच्या प्रयोगांचा आढावा घेतला गेला, तेव्हा टोचलेल्या नॅनोकणांच्या डोसपैकी कर्करोगाच्या गाठीपर्यंत पोहोचणारा भाग मध्यकाप्रमाणे जेमतेम ०.७ टक्के निघाला होता. नुसत्या प्लेटवरच्या पेशी मारून तेवढा दावा करता येत नाही.

नावांचा क्रमही बघा. जीवशास्त्रात पहिलं नाव बहुधा काम करणाऱ्या विद्यार्थ्याचं असतं, शेवटचं गाईडचं. पहिल्या जागी वेगवेगळे विद्यार्थी दिसतात का? की त्याच दोघांची नावं वर्षानुवर्षं? जुन्या विद्यार्थ्यांना फोन करून पहिला पेपर कितव्या वर्षी निघाला ते विचारायला लाजू नका.

पैसे भरा, आठवड्यात पेपर छापतो, अशी एखाद्या जर्नलची ईमेल तुम्हालाही येईल. मला थिसिसच्या घाईत आली होती आणि मोहही झाला होता. तिकडे गेलेला पेपर पुन्हा चांगल्या जर्नलमध्ये देता येत नाही, आणि आठवड्यात कुणी तुमचे कंट्रोल तपासत नाही.

मुलींना एक खास सांगणं. आपल्याकडे मधलं नाव आधी वडिलांचं, लग्नानंतर नवऱ्याचं, आडनावही बदलतं. देशपांडे एस. आर. आणि कुलकर्णी एस. व्ही. ही एकच बाई आहे हे कुणाला कळणार? २०१२ पासून ऑर्किड (ORCID) नावाचा, नाव बदललं तरी संशोधकाची ओळख कायम ठेवणारा सोळा अंकी क्रमांक फुकट मिळतो. पहिला पेपर पाठवण्याआधी तो काढा आणि प्रत्येक पेपरला जोडा. मी तो लग्नानंतर काढला. आधीचे दोन पेपर स्वतःच्या खात्यात आणायला मला एक अख्खी दुपार लागली.