घरातील एक खोली आवाजबंद कशी करावी: खान्देशातील घरांसाठी मार्गदर्शन

ऑनलाइन शिकवणी, कार्यालयाच्या बैठका किंवा अहिराणी गाण्यांचे ध्वनिमुद्रण यांपैकी कशासाठीही घरातील खोली तयार करायची म्हटले की बहुतेक जण आधी भिंतीला चिकटवायचा फोम मागवतात, आणि तो लावून झाल्यावरही शेजारची पाण्याची मोटर पूर्वीइतकीच स्वच्छ ऐकू येते. बाहेरचा आवाज अडवणे आणि खोलीतला आवाज घुमू न देणे ही दोन निराळी कामे आहेत. पहिल्या कामासाठी वजन आणि हवाबंदपणा लागतो, तर दुसऱ्यासाठी जाड, मऊ आणि हवा आरपार जाऊ देणारा पदार्थ लागतो. फोम फक्त दुसऱ्या कामाचा आहे. अंड्यांचे ट्रे पहिल्या कामाला निरुपयोगी आणि दुसऱ्याला जवळजवळ निरुपयोगी असतात. ते भिंतीवर लावून धूळ गोळा करण्यात काही अर्थ नाही.

खान्देशात या दोन कामांना तिसरी अडचण येऊन मिळते, ती म्हणजे उन्हाळा. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४४-४५ अंशांपर्यंत जातो आणि हवाबंद केलेल्या खोलीत बसवत नाही. त्यामुळे खालील प्रत्येक पायरी उष्णतेचा विचार करूनच उचलावी लागते.

पायरी १: आवाज ओळखावा आणि खोली निवडावी

सर्व पंखे बंद करून ज्या वेळी काम करायचे त्याच वेळी मोबाइलवर एक मिनिट शांतता मुद्रित करावी आणि ती हेडफोन लावून ऐकावी. टाळी वाजवल्यावर मागे झणझणाट उरत असेल तर खोली घुमते आहे. रस्ता, फ्रिज, कुत्री ऐकू येत असतील तर आवाज आत शिरतो आहे. मोबाइलमधील डेसिबल मोजणारे अॅप अचूक नसते, परंतु ‘आधी’ आणि ‘नंतर’ यांची तुलना करण्यास ते पुरेसे आहे. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबल अशी मर्यादा आहे, आणि ध्वनिमुद्रणाच्या खोलीत मात्र ३० च्या आसपास किंवा त्याहून कमी पातळी हवी असते. म्हणजे नियम काटेकोरपणे पाळणाऱ्या गल्लीतसुद्धा दिवसा किमान २५ डेसिबल अडवावे लागतात.

शक्य तेवढे काम खोलीच्या निवडीनेच साधावे. रस्त्याकडे तोंड नसलेली, घराच्या मधल्या भागातील, एकच खिडकी असलेली खोली घ्यावी. पत्र्याखालची खोली टाळावी, कारण पत्रा वजनाला हलका, उन्हात तापणारा आणि पावसात वाजणारा असतो. गावाकडे जुने धाब्याचे, म्हणजे मातीच्या सपाट छताचे घर असेल तर त्यातील मधली खोली पाहावी. दीड-दोन फूट जाडीची मातीची भिंत आवाज आणि ऊन दोन्ही अडवते, आणि नव्या बांधकामात तेवढे वजन उभे करण्यास बराच पैसा लागतो. धाब्यातून माती गळत असेल तर खाली कापडाचे छत मात्र ताणून घ्यावे.

खोलीची मापेही पाहावीत. आपल्याकडे दहा बाय दहाची खोली आणि दहा फुटांवर स्लॅब ही रीतच पडली आहे. अशा घनाकृती खोलीत तिन्ही दिशांना सुमारे ५६ हर्ट्झचा (सेकंदाला ५६ कंपनांचा) खर्ज एकाच वेळी साचतो, आणि ढोलकी किंवा भारदस्त आवाज फुगल्यासारखा येतो. दहा बाय बारा किंवा त्याहून लांब खोली मिळाली तर तीच घ्यावी.

पायरी २: फटी बुजवाव्यात

सर्वांत कमी खर्चात सर्वांत जास्त फरक येथे पडतो. सात बाय तीन फुटांच्या दाराखाली पाऊण इंच फट असेल तर ती दाराच्या क्षेत्रफळाच्या जवळजवळ एक टक्का भरते, आणि एक टक्का उघडीक राहिली की दार कितीही भक्कम असले तरी ते सुमारे २० डेसिबलपलीकडे आवाज अडवू शकत नाही. म्हणून चौकटीच्या तिन्ही बाजूंना दाबली जाणारी रबरी पट्टी लावावी आणि खाली उंबरा किंवा दाराला घट्ट टेकणारी पट्टी बसवावी. दार पोकळ असेल तर ते बदलून भरीव फ्लश दार घ्यावे. एसीच्या नळीचे भोक, केबलची छिद्रे, चौकट आणि भिंत यांच्यातील भेग हे सर्व सिलिकॉन सीलंटने भरावे. दोन खोल्यांचे स्विचबोर्ड एकाच भिंतीत पाठीला पाठ लावून बसवलेले असतील तर तेथून बोलणे सरळ पलीकडे जाते. मात्र त्या पेट्यांचे काम इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्यावे.

सरकत्या अॅल्युमिनियमच्या खिडक्या रुळांमधून आवाज सोडतात. कायमचा उपाय म्हणजे आतून चार इंच अंतर सोडून जाड काचेची दुसरी, घट्ट बंद होणारी खिडकी बसवणे. स्वस्त उपाय असा, की खिडकीच्या मापाचा १८ मिलिमीटर प्लायवूडचा फळा करून त्याच्या कडांना रबरी पट्टी लावावी आणि मुद्रणाच्या वेळी तो दाबून बसवावा. पडद्याने बाहेरचा आवाज अडत नाही.

पायरी ३: भिंतीला हात लावण्यापूर्वी

प्लास्टर केलेली नऊ इंची विटांची भिंत सुमारे ५० डेसिबल अडवते, साडेचार इंची भिंत त्याहून बरीच कमी. भिंतीचे वजन दुप्पट केले तरी जास्तीत जास्त ५ ते ६ डेसिबलची भर पडते, म्हणून नऊ इंची भिंत असेल तर तिच्यावर खर्च करू नये. साडेचार इंची भिंतीपलीकडे दूरदर्शन संच चालत असेल, तर मूळ भिंतीला न टेकणारा सांगाडा उभारून, त्यात रॉकवूल (दगडापासून बनवलेली लोकर) भरून, वर जिप्सम बोर्डचे दोन थर द्यावेत. सांगाडा भिंतीला खिळला तर कंप त्यातून आत येतो आणि निम्मी मेहनत वाया जाते.

रुळांजवळच्या घरात मालगाडीचा जो कंप जमिनीतून चढतो, तो घरगुती उपायांनी थांबत नाही. धुळ्यात मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे महामार्ग एकमेकांना छेदतात. त्या परिसरातील जड वाहनांच्या घरघरीचेही तसेच. तेथे मुद्रणानंतर संगणकावर ८० हर्ट्झखालचा भाग कापावा, बोलण्याच्या आवाजाला त्याने फारसा धक्का लागत नाही.

पायरी ४: घुमणे थांबवावे

येथे मात्र आपला कापूस कामाला येतो. १००० हर्ट्झच्या आवाजाच्या लहरीची लांबी सुमारे ३४ सेंटिमीटर असते आणि तो आवाज नीट शोषायचा तर साधारण तिच्या चौथ्या हिश्श्याएवढी, म्हणजे साडेआठ सेंटिमीटर जाडी लागते. एक इंची फोम फक्त वरचा ‘स’, ‘श’ गिळतो आणि बोलणे मंद, कोंदट करून ठेवतो.

चार बाय दोन फुटांची, चार इंच जाडीची लाकडी चौकट करावी. जुन्या गादीचा कापूस पिंजून घेऊन तीन ते साडेतीन किलो एका चौकटीत भरावा, दोन्ही बाजूंनी मांजरपाट ताणून बसवावे आणि गादीवाल्याकडून गादीसारखेच आरपार टाके घालून घ्यावेत, नाहीतर सहा महिन्यांत कापूस खाली बसून वरचा भाग रिकामा पडतो. ठासून भरू नये. कापडावर तोंड ठेवून फुंकल्यास हवा पलीकडे जायला हवी. रेक्झिनचे आवरण याच कारणाने चालत नाही. उंदीर आणि वाळवी लागू नये म्हणून चौकट जमिनीपासून वीतभर वर टांगावी. कापूस पेट घेतो, त्यामुळे दिवे, बोर्ड, इन्व्हर्टर यांच्यापासून ती दूरच ठेवावी. रॉकवूल परवडत असेल तर या बाबतीत ते केव्हाही श्रेयस्कर.

बसण्याच्या जागी बसून दुसऱ्या व्यक्तीस भिंतीवरून आरसा सरकवायला सांगावे, आणि मायक्रोफोन जेथे जेथे आरशात दिसेल तेथे एकेक चौकट लावावी. उरलेल्या चौकटी कोपऱ्यांत तिरप्या उभ्या कराव्यात. खाली सतरंजीऐवजी जाड गोधडी अंथरावी. मायक्रोफोन तोंडापासून सुमारे १५ सेंटिमीटरवर ठेवावा. अंतर निम्मे केले की आवाज साधारण ६ डेसिबलने वाढतो आणि खोलीचा दोष तेवढाच मागे पडतो.

पायरी ५: हवा आणि वेळ

कूलरला बाहेर पडणारी हवा लागते. हवाबंद खोलीत तो गारवा देण्याऐवजी नुसता दमटपणा वाढवतो, शिवाय त्याची घरघर मुद्रणात येतेच. त्यामुळे दुपारीच काम करायचे असेल तर बाहेर कॉम्प्रेसर असलेला स्प्लिट एसी हाच पर्याय उरतो. खोली आधी गार करून प्रत्यक्ष मुद्रणापुरता तो बंद ठेवावा. एसी नसेल तर पहाटे चार ते सहा ही वेळ धरावी. तासाभराने दार उघडून हवा बदलावी. लग्नसराईत मुद्रणाचे दिवस ठरवताना दिनदर्शिकेतील लग्नतिथी पाहाव्यात. डीजेच्या खर्जापुढे रबरी पट्टीचे काही चालत नाही.

भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनी जिप्सम आणि दुसऱ्या खिडकीच्या खर्चात पडूच नये. प्लायवूडचा फळा, दाराच्या पट्ट्या आणि कापसाच्या चौकटी एवढ्यावर शिकवणी आणि बोलण्याचे काम व्यवस्थित भागते, आणि घर बदलताना फळा नि चौकटी टेम्पोत घालून नेता येतात. नव्या खिडकीचे माप वेगळे असेल तर फळा तेवढा नव्याने कापून घ्यावा लागतो.